ट्रोंडुरचा गुडघा

“हलू नकोस,” हान्नुस म्हणाला आणि लंगडत काचेमागे गेला.

ट्रोंडुर टेबलावर पाय पसरून पडून राहिला. पंधरा वर्षं तो डेन्मार्कमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळला होता. मधल्या फळीत असा खेळाडू फेरो बेटांवर पुन्हा होणे नाही, असं लोक म्हणत. आता गुडघा खरोखरच कामातून गेला होता, आणि गावच्या इस्पितळात एक्स-रे काढायला अजूनही हान्नुसच होता.

याच टेबलावर ट्रोंडुर एकदा खोटंखोटं कण्हला होता. डॅनिश क्लबचा करार आठवड्यावर आला होता. त्याआधी देशाचा सामना होता आणि त्यात दुखापत झाली असती तर सगळंच हातचं गेलं असतं. धुक्यामुळे बोट सुटली नाही, डॉक्टर पलीकडच्या बेटावर अडकले. प्रशिक्षकांनी मग हान्नुसलाच विचारलं. त्याने फिल्म उजेडावर धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, “याला नका खेळवू.”

ट्रोंडुरच्या जागी राखीव खेळाडू उतरला. तो राखीव म्हणजे हान्नुसच. दर सामन्याला इस्पितळातून रजा काढून तीन वर्षं नुसता बाकावर बसत आलेला. तेविसाव्या मिनिटाला त्याची नडगी मोडली. देशासाठी तो त्याचा पहिला सामना आणि शेवटचाही. ट्रोंडुरने करारावर सही केली. पुढे सुट्टीत घरी आला की तो लांबचा रस्ता धरायचा, पण हान्नुसच्या दारावरून जायचा नाही.

“झालं. ऊठ,” हान्नुस बाहेर येत म्हणाला. “आता तूही काठी घे. दोघं मिळून मेंढ्या वळू.”

ट्रोंडुरला हसू आलं नाही. तो टेबलाच्या कडेवर तसाच बसून राहिला. मान वर होईना.

“हान्नुस, तेव्हा माझ्या गुडघ्याला काहीच झालं नव्हतं रे. मी सोंग केलं. तुला फसवलं. तुझा पाय माझ्यापायी गेला.”

हान्नुस बाजूला पडलेल्या चादरीची घडी घालू लागला. एकच घडी त्याने तीनदा सारखी केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“मला कसला फसवतोस,” तो खाली बघतच म्हणाला. “फिल्ममध्ये गुडघा ठणठणीत दिसत होता. पण तू खेळला असतास, तर मला कोण घेणार होतं?”