साहेब येणार म्हणून

वर्धा नदीचा पूर वासुदेवरावांच्या घरात छातीइतका चढून ओसरला. घराच्या विम्यात पूरही धरलेला होता. फक्त कंपनीच्या साहेबाला नुकसान डोळ्यांनी पाहायचं होतं. त्याला आणायला पहाटेच आर्वीच्या बसस्टँडवर निघताना वासुदेवराव बायकोला एवढंच म्हणाले, "कोकिळा, विम्याचे सायेब येऊन राह्यले. चहाचं पाहून ठेवजो."

दुपारी साहेबाने दारातच फॉर्म उघडला. "पाणी कुठवर चढलं होतं?"

वासुदेवरावांनी भिंतीकडे बोट उचललं, ते तसंच राहिलं. चारी भिंतींना ताजा चुना, दारात रांगोळी. भिजलेल्या गाद्या, सडलेलं धान्य सगळं सकाळीच नदीत गेलेलं.



"सायबायले चिखलाचं घर कसं दाखवाचं?" कपबशी पुढे करत कोकिळाबाई हसल्या.