नऊ इंचांची चौकट

जिन्याखालचा तो संडास आधीच काडेपेटीएवढा. दारातून शिरल्या शिरल्या वरच्या मजल्याचा पाइप खाली आलेला. त्याच्याभोवती लाकडी चौकट ठोकून तो प्लायनं झाकायचा होता.

मी मालकाला म्हणालो, "चार इंची पाइप आहे, सहा इंचांची चौकट पुरे."

"नऊची करा."

"अहो, मग माणसाला तिरकं होऊन आत जावं लागेल. सुतार मी की तुम्ही?"

"घर कुणाचं?"

मी मनातल्या मनात त्याच्या अकलेचे वाभाडे काढत नऊ इंचांची चौकट ठोकली.

दुपारी मालकाचा धाकटा भाऊ त्यांच्या आईला घेऊन आला. आता वर्षभर तिनं मोठ्याकडे राहायचं ठरलं होतं. म्हातारीचे गुडघे गेलेले, जिना चढणं बंद, चालणं वॉकर धरून. ती आधी संडासाकडेच वळली. वॉकर दारात गेला आणि पाइपच्या चौकटीला अडला. तिनं दोनदा ढकलून पाहिला.

"बघितलंस?" मालक भावाला म्हणाला. "माझी ना नाही रे, पण इथं तिची सोयच होत नाही. तुझ्याकडेच राहू दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करवत उचलून मी धावलो. "आजी, थांबा! तीन इंच कमी करतो, अर्ध्या तासात वॉकर आत जाईल."

मालकानं माझं मनगट धरलं.

"हात लावू नका," तो हळूच म्हणाला. "माप बरोबर आहे."