येते, बाबा

रामरावांनी "ये" म्हटल्याशिवाय त्या घरातून कुणी प्रवासाला निघत नसे. पण लकवा झाल्यापासून त्यांना साधा शब्द जुळवायलाही फार वेळ लागायचा. सुट्टी संपली तशी वैष्णवी बॅग उचलून दारातूनच म्हणाली, "येते, बाबा." त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात दिग्रसच्या एसटीचा हॉर्न वाजला आणि ती पळालीच.

गाडीतच बंगळुरूहून ऑफिसचा फोन आला. नव्या मुलीनं चिपच्या डिझाइनमध्ये घोळ घातला होता.

"अगं, ही दोन सर्किटं वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात," वैष्णवी वैतागली. "पलीकडचं हळू चालतं. तिकडून उत्तर येईपर्यंत आपण आपला सिग्नल धरून ठेवायचा असतो. मध्येच सोडून द्यायची एवढी घाई कसली होती तुला?"

पुढच्याच आठवड्यात रामराव गेले.

"तू गेल्यावर लई येळानं 'ये' म्हनले तुह्ये बाबा," लीलाबाई पदरानं डोळे पुसत लेकीला सांगत होत्या. "मंग दाराकडंच पाहत राह्यले."

तेरवी आटोपल्यावर बॅग घेऊन वैष्णवी बाबांच्या फोटोसमोर उभी राहिली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, पण ती जागची हलली नाही. तिनं हात जोडले आणि ती बोलणार, तोच आत्यानं मागून तिचा खांदा धरला.



"नको पोरी. मयतीच्या घरून निंघताना 'येते' म्हनत नसतात."