वेलची जास्त झाली

व्यसनमुक्ती केंद्रातले सहा महिने संपल्यावर अनंता संस्थेच्या बेकरीत काम शिकू लागला. नानकटाईचा पहिला पत्रा भट्टीतून निघाला आणि त्या वासाने त्याचं बालपण समोर उभं राहिलं. दिवाळीआधी आई नानकटाया वळून द्यायची. तो आणि थोरली कुंदाताई त्या भाजायला नाक्यावरच्या बेकरीत न्यायचे आणि नंबर येईपर्यंत पायरीवर बसून गप्पा मारायचे.

पुढे त्याला गर्दचं व्यसन लागलं. आई गेली तेव्हाही तो नशेतच होता. त्या दिवशी ताईने लावलेलं दार सात वर्षं उघडलं नाही.

शनिवारी संस्थेने घरच्यांना बोलावलं. समुपदेशक बाईंनी ताईला तीनदा फोन केला होता, तरी अनंताला आशा नव्हती. पण ती आली. तिने त्याने केलेली एक नानकटाई खाल्ली.

"वेलची जास्त झालीय. आई एवढी घालत नसे."

"पुढच्या वेळी कमी घालतो."

"उद्या घरी येऊन कर. माझ्या मुलींनाही शिकव."

"किती वाजता येऊ?" अनंताने विचारलं.

"आपल्या घरी यायला वेळ विचारतोस?" ताई म्हणाली.