ओळखीचा श्वास

ऑपरेशनच्या टेबलावर शालनताईंना भूल चढली होती. त्यांना श्वास देणारं यंत्र लय घेत होतं बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या मुलाची, सुहासची. घरच्या माणसाच्या छातीला पट्टा बांधला की भूल दिलेलं शरीर यंत्राशी झगडत नाही, हे एव्हाना मिरजेत सगळ्यांना ठाऊक होतं. सुहास रोज पळायला जायचा, म्हणून पट्टा त्याला बांधला होता.

पण यंत्र सारखं ओरडत होतं. शालनताईंची छाती तो श्वास घेईना.

डॉक्टर मुजावर बाहेर आल्या. "पट्टा बाबांना बांधा."

"मला?" गणपतराव दचकले. "अहो, मला दमा आहे. मी स्वतः पंपावर चालतो. असला श्वास तिला कशाला देताय?"

"हवा कमीजास्त करायला यंत्र आहे. मला फक्त लय हवीय. त्या रोज कुणाशेजारी झोपतात?"

गणपतरावांनी शर्टाची बटणं सोडली.

त्यांचा श्वास अडखळत, बारीक शिट्टी वाजवत चालू झाला आणि आत यंत्राचं ओरडणं थांबलं. ऑपरेशन संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. खोकल्याची उबळ आली, तीही त्यांनी गिळली.

संध्याकाळी शालनताईंनी डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. काहीतरी सांगायचंय असं वाटून गणपतराव वाकले.

"अहो," त्या पुटपुटल्या, "आज पंप घेतला नाहीत ना?"