गाल वर उचलल्यावर

विसरण्याचा आजार जडल्यापासून नवरा तिला ‘मावशी’ म्हणायचा आणि बायको कुठे गेली, असं तिलाच विचारायचा. म्हणून ती सुरकुतलेला चेहरा शस्त्रक्रियेनं ताणून घ्यायला डॉक्टरांकडे आली होती, त्याला सोबत घेऊन.

“सूज उतरायला काही आठवडे जातील, कानाजवळ बधिर वाटेल. आणि पुढे वय काही थांबत नाही, बरं का,” डॉक्टर समजुतीनं म्हणाल्या. मग तिच्या हातात आरसा देऊन त्यांनी तिचे गाल बोटांनी वर उचलले. “साधारण असं दिसेल.”

नवरा आरशाकडे झुकला. “आलीस होय गं!” त्याचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी हात काढले. तिचे गाल पुन्हा ओघळले. आरशातले मात्र तसेच वर राहिले.

हुंदका आवरत तिनं ओठ घट्ट मिटले.

“आले हो,” आरशातली त्याला मायेनं म्हणाली.