पेरलेलं वाक्य

“सेमिनार म्हणजे भजन नव्हे गं, एकानं गायचं नि बाकीच्यांनी टाळ कुटायचे!” कधीकाळी त्यांना शिकवलेल्या सरांचा जुना आवाज प्राध्यापक मृणालिनीबाईंच्या कानांत घुमला.

आधुनिक डेटाबेसच्या सेमिनारची ओळख करून देताना त्या दरवर्षी मुद्दाम एक खोटं वाक्य पेरायच्या. कित्येक वर्षांत ते कुणी उपटलं नव्हतं. जीव शिणला होता. यंदाही कुणी हटकलं नाही, तर सेमिनारच बंद.

“दोन शहरांतल्या सर्व्हरचा एकमेकांशी संपर्क तुटला, तरी दोन्हीकडून रेल्वेचा एकच बर्थ विकावा. काही बिघडत नाही. कळलं?”

“होऽ मॅडम!”

माना डोलल्या, वर्ग रिकामा झाला. बाईंनी जड हातानं फळा पुसला.

दारातून एक मुलगी परतली.

“मॅडम, रागावू नका. मघाशी सगळ्यांसमोर धीर झाला नाही. पण एका बर्थवर दोघं कसे झोपतील? तुम्ही चुकीचं शिकवलंत.”